ग्रुप सगळ्यांचा, मग अ‍ॅडमिनला विचारायचं कुणी?

"आम्ही आमचा वेळ घालून फुकट करतोय, आणि वर तुम्ही आम्हालाच जाब विचारता?" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नाशिकमधे सापडणं अवघड आहे. ट्रेकिंगचा ग्रुप असो, पाथर्डी फाट्याकडच्या एखाद्या सोसायटीचा असो, रक्तदात्यांचा असो, द्राक्ष बागायतदारांचा असो, कधी ना कधी कुणीतरी काहीतरी विचारतं आणि समोरून हे येतं. आणि ते आलं की बहुतेक जण गप्प बसतात, कारण समोरचा खरंच फुकट करत असतो, रात्री अकरा वाजता कुणाच्यातरी भांडणात मधे पडलेला असतो, सकाळी उठून पुन्हा तेच. त्याला काय बोलणार.

मला आज याच वाक्याबद्दल लिहायचंय. फुकट काम करणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं ठाम मत आहे. जो माणूस पगार न घेता राबतो त्याचे आभार मानायचे, त्याचं चुकलं तर समजून घ्यायचं, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, हे सगळं मान्य. पण अधिकार वापरला की कारण सांगावं लागतं, मग तो पगारी असो की बिनपगारी. कारण तो अधिकार त्याच्या कष्टातून आलेला नसतो, तो बाकीचे आठशे लोक तिथे आहेत म्हणून आलेला असतो. उद्या ते आठशे लोक उठून गेले तर अ‍ॅडमिनकडे एक रिकामी चॅट उरते.

आता अधिकार म्हणजे नक्की काय ते बघू, कारण "अ‍ॅडमिन म्हणजे काय मोठा कलेक्टर लागून गेला का" असं म्हणणारेही खूप आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमधे १,०२४ लोक बसतात. अ‍ॅडमिन त्यात कुणालाही घेऊ शकतो, कुणालाही काढू शकतो, 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकतील' ही सेटिंग लावून हजार माणसांचं बोलणं एका बोटानं बंद करू शकतो, आणि २०२२ पासून दुसऱ्यानं टाकलेला मेसेजसुद्धा सगळ्यांच्या फोनवरून उडवू शकतो (कुठल्या अ‍ॅडमिननं उडवला ते तिथे सगळ्यांना दिसतं, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपनं फार चांगली केली). आणि अजून एक नियम आहे जो बऱ्याच लोकांना माहितीच नसतो. ज्यानं ग्रुप बनवला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत, तो स्वतः बाहेर पडला तरच जातो. सगळेच अ‍ॅडमिन निघून गेले तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतून कुणालातरी आपोआप अ‍ॅडमिन करून टाकतं. म्हणजे समजा, हरिहर गडाच्या एका ट्रेकसाठी कुणीतरी दहा-बारा जणांचा ग्रुप बनवला, तो वाढत वाढत आठशेचा झाला, आता दर रविवारी त्यातून ट्रेक निघतात, गाड्या ठरतात, पैसे जमा होतात, नवीन मुलीबाळी विश्वासानं येतात, आणि या सगळ्याचा कायमचा मालक कोण, तर त्या दिवशी ज्याच्या हातात फोन होता तो. हे ग्रुपमधल्या कुणीही ठरवलेलं नाही. अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीनं ठरवलं आणि आपण तीच ग्रुपची घटना म्हणून चालवून घेतली.

आणि काढून टाकणं ही किरकोळ गोष्ट नाही हो. सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं की टँकर किती वाजता येणार ते कळत नाही, लिफ्ट बंद आहे ते कळत नाही, मीटिंग झाली ते दुसऱ्या दिवशी कळतं. बागायतदारांच्या ग्रुपमधून काढलं की हवामानाचा इशारा, व्यापाऱ्यांचे भाव, कुठला व्यापारी पैसे बुडवून पळाला ही माहिती बंद. माणूस त्याच गावात राहतो पण गावाच्या बोलण्यातून बाहेर जातो.

एक उदाहरण सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांचा एक ग्रुप. ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, बागा पोंग्यातून (नव्या कोवळ्या फुटीतून) पुढे निघालेल्या, आणि नेमका पाऊस लागून बसलेला. अशा हवेत डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि आला की दोन-तीन दिवसांत बागेची वाट लावतो, त्यामुळे ग्रुपवर नुसता फोटोंचा पाऊस. एका पोरानं पान उलटं करून फोटो टाकला, खालच्या बाजूला पांढरी बुरशी, विचारलं काय मारू. अ‍ॅडमिननं एक औषध सांगितलं, नुसतं सांगितलं नाही तर कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगितलं. खाली एका शेतकऱ्यानं लिहिलं की भाऊ, हे मी मागच्या आठवड्यात मारलं, डाऊनी थांबली नाही, उलट घडांवर स्कॉर्चिंग (औषधानं करपणं) आलंय, आणि घडाचा फोटो टाकला. दहा मिनिटांत त्याचा मेसेज उडाला आणि अर्ध्या तासात तो माणूस ग्रुपमधून काढलेला. ते दुकान अ‍ॅडमिनच्या जवळच्या नातेवाइकाचं आहे हे निम्म्या ग्रुपला माहिती होतं. ग्रुपवर कुणी एक अक्षर बोललं नाही. काढलेल्या माणसाला मात्र खासगीत सतरा मेसेज गेले, तुमचं बरोबर होतं म्हणून. पुढे महिन्याभरात लोक हळूहळू दुसऱ्या ग्रुपकडे सरकले आणि जुन्या ग्रुपमधे वर्षानुवर्षं साठलेली फवारणीची माहिती, फोटो, अनुभव, सगळं तिथंच पडून राहिलं.

यात अ‍ॅडमिन वाईट होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला मनापासून ते औषध चांगलं वाटत असेल. कदाचित काढलेल्या माणसानं त्याला फोन करून घाणेरड्या शिव्या दिल्या असतील आणि म्हणून काढलं असेल. मुद्दा हा आहे की हे कळायची सोयच नव्हती. कुठल्या नियमानं काढलं? माहिती नाही, नियम लिहिलेलेच नव्हते. ज्यानं काढलं त्याचा त्या वादात स्वतःचा काही संबंध होता का? होता, पण ते उघडपणे सांगायची पद्धत नव्हती. काढलेल्या माणसानं दाद कुणाकडे मागायची? ज्यानं काढलं त्याच्याकडेच. या तीन प्रश्नांना उत्तर नसलं की कितीही सज्जन अ‍ॅडमिन असला तरी तो ग्रुप एका माणसाच्या मूडवर चालतो. आणि दरवेळी नुकसान त्या अ‍ॅडमिनचंही होतं, कारण त्याचा निर्णय बरोबर असला तरी तो बरोबर होता हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं.

इथे लोक कायद्याकडे धावतात, "अ‍ॅडमिनवर केस होते म्हणे" वगैरे. त्याचंही सांगून टाकतो. गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण होतं, ग्रुपमधल्या एका सदस्यानं एका बाईंबद्दल घाण लिहिलं, आणि तक्रार अशी होती की अ‍ॅडमिननं त्याला काढलंही नाही आणि माफीही मागायला लावली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मधे अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सदस्य काय टाकणार ते अ‍ॅडमिनला आधी कळत नाही, तो फक्त घेऊ आणि काढू शकतो, त्यामुळे दोघांचा आधीपासून तसा कट होता असं दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानंही साधारण हेच म्हटलं. मला हे निकाल पटतात, नाहीतर कुणी अ‍ॅडमिन व्हायलाच तयार होणार नाही. पण त्या बाईंच्या बाजूनं बघा ना. त्या ग्रुपमधे त्यांनी तक्रार करायची तर कुणाकडे? पोलिसांकडे जावं लागलं कारण ग्रुपच्या आत दाद मागायला जागाच नव्हती. अ‍ॅडमिन पोलिसांना बांधील नाही असं ठरलं म्हणून तो सदस्यांनाही बांधील नाही असं होत नाही. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कंपन्यांना २०२१ च्या आयटी नियमांनी तक्रार अधिकारी ठेवायला लावलाय, २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निकाली काढायची. हे कंपनीला लागू, तुमच्या-माझ्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला नाही. म्हणून ती सोय आपणच करायची आहे.

जगात लोकांनी ती कशी केली, कुठे फसली, हे बघण्यासारखं आहे, आणि यातली बहुतेक माणसंसुद्धा स्वयंसेवकच आहेत.

विकिपीडिया घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, तिथे अ‍ॅडमिनला प्रचालक म्हणतात. प्रचालक पान उडवू शकतो, पानाला कुलूप लावू शकतो, सदस्याला ब्लॉक करू शकतो. पण यातलं प्रत्येक काम एका नोंदीत जातं, कुणी केलं, कधी केलं, काय कारण दिलं, आणि ही नोंद जगातला कुणीही उघडून वाचू शकतो, खातं नसलं तरी. मला विचाराल तर अख्ख्या विकिपीडियाच्या कारभारातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. इंग्रजी विकिपीडियावर अजून एक दंडक आहे, ज्या वादात तुम्ही स्वतः पक्ष आहात तिथे अ‍ॅडमिनचं बटण वापरायचं नाही, दुसऱ्या अ‍ॅडमिनला बोलवायचं. आपल्या द्राक्षवाल्या ग्रुपमधे एवढा एक नियम असता तर तो शेतकरी त्या अर्ध्या तासात तरी गेला नसता. आणि तरीही इंग्रजी विकिपीडियावर कित्येक वर्षं एक भोक राहिलं होतं, एकदा अ‍ॅडमिन झाला की त्याला काढायला साध्या सदस्यांकडे थेट रस्ता नव्हता, निवडून दिलेल्या लवाद समितीकडे जावं लागायचं. तो रस्ता त्यांनी २०२४ मधे बनवला. आता एका महिन्यात २५ अनुभवी सदस्यांनी सह्या केल्या तर त्या अ‍ॅडमिनला पुन्हा सगळ्यांसमोर कौल मागावा लागतो. म्हणजे २००१ ला सुरू झालेल्या समूहाला एवढी साधी गोष्ट करायला दोन दशकांच्या वर वेळ गेला, यावरून अंदाज घ्या की हातातली सत्ता परत मागता येईल अशी सोय करणं माणसांना किती जड जातं.

पण नुसती नोंद उघडी ठेवून आणि मतदान घेऊन भागतं का? नाही भागत. क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट यासाठी मुद्दाम सांगतो. तिथे साधारण २०११ पासून एकाच विचाराच्या काही अ‍ॅडमिनांनी हळूहळू सगळं ताब्यात घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले जायला लागले, छळछावण्यांचे लेख बदलले गेले, जो कुणी आक्षेप घेईल तो ब्लॉक. २०१३ मधे तर क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की हा विकिपीडिया वापरू नका. आणि हे सगळं होत असताना नियम होते, मतदान होतं, नोंद उघडी होती. फक्त मतदान करणारे तेच, अ‍ॅडमिन निवडणारे तेच, तक्रार ऐकणारेही तेच, आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं २०२१ मधे जो अहवाल छापला त्यात हेही आलं की मतं वळवायला एकाच माणसानं अनेक खाती वापरण्याचे प्रकार झाले होते. वेगळं मत असलेले लोक कंटाळून निघून गेले, त्यामुळे राहिलेल्यांचं बहुमत अजून पक्कं झालं. शेवटी बाहेरून हस्तक्षेप झाला तेव्हा कुठे ते सुटलं, तोवर दहा वर्षं गेली. यातून मी एवढं घेतो की तक्रार ऐकणारा माणूस त्याच टोळक्यातला असेल तर तक्रारपेटी ठेवून उपयोग नाही. कुणीतरी बाहेरचा लागतो.

याच प्रश्नावर रस्ट नावाच्या प्रोग्रामिंग भाषेच्या लोकांनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. तिथे भांडणं सोडवायला, वागणुकीचे नियम पाळून घ्यायला एक मॉडरेशन टीम होती. नोव्हेंबर २०२१ मधे त्या अख्ख्या टीमनं एकाच वेळी राजीनामा दिला आणि कारण जाहीरपणे सांगितलं, की वरची कोअर टीम स्वतःशिवाय कुणालाच उत्तर देत नाही, त्यामुळे जे नियम आम्ही सगळ्यांना लावतो ते त्यांना लावता येत नाहीत. विचार करा, आठशे लोकांच्या ट्रेक ग्रुपमधे उशिरा येणाऱ्यावर, दारू आणणाऱ्यावर कारवाई होते पण ग्रुपच्या मालकानं केलं तर सगळे इकडे तिकडे बघतात, अगदी तेच. पुढे दीडेक वर्ष चर्चा, मसुदे, नव्यानं वाद असं करत जून २०२३ मधे कोअर टीम बरखास्त होऊन नेतृत्व परिषद आली, प्रत्येक मोठ्या टीमचा एक प्रतिनिधी.

त्यात त्यांनी एक फार विचारपूर्वक सोय केली. मॉडरेशन टीमच्या बाहेर काही राखीव मॉडरेटर ठरवून ठेवायचे, जे परिषदेतही नाहीत आणि रोजच्या मॉडरेशनमधेही नाहीत. कुणाला वाटलं आपल्यावर अन्याय झाला तर हे राखीव लोक जुनं प्रकरण तपासतात. आणि परिषद आणि मॉडरेटर यांचंच आपसात टोकाला गेलं तर शेवटचा उपाय म्हणून दोघांपैकी कुणीही असं ठरवू शकतं की दोन्ही टीम एकाच वेळी बरखास्त, राखीव मॉडरेटर तात्पुरतं मॉडरेशन बघतील, आणि टीम नवे प्रतिनिधी पाठवतील. म्हणजे समोरच्याला पाडायचं तर स्वतःलाही खुर्ची सोडावी लागते, त्यामुळे उगाच कुणी ते बटण दाबणार नाही, पण बटण आहे हे दोघांनाही माहिती असतं.

पायथॉनचं थोडक्यात. ती भाषा बनवणारे खिदो फान रोसुम वर्षानुवर्षं अंतिम शब्द सांगायचे, लोक प्रेमानं त्यांना तहहयात हुकूमशहा म्हणायचे. जुलै २०१८ मधे एका बदलावरून झालेल्या वादाला कंटाळून ते बाजूला झाले आणि जाताना वारस नेमला नाही, तुम्हीच ठरवा म्हणाले. २०१९ पासून तिथे पाच जणांची निवडून आलेली समिती आहे आणि एकाच कंपनीत काम करणारे दोनपेक्षा जास्त लोक तिच्यात बसू शकत नाहीत. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या कॉम्प्युटर प्रणालीच्या समूहात तर १९९८ पासून लिखित घटना आहे, प्रमुख दरवर्षी निवडला जातो आणि सदस्य ठराव करून त्याचा निर्णय फिरवू शकतात.

रेडिट या चर्चेच्या साइटवर याच्या उलट, तिथे जुना मॉडरेटर नव्याला काढू शकतो, नवा जुन्याला नाही, बास. जून २०२३ मधे कंपनीनं बाहेरच्या अ‍ॅप्सना लावलेल्या नव्या दरांविरुद्ध हजारो समूह बंद ठेवले गेले तेव्हा कंपनीचे प्रमुख म्हणाले की हे मॉडरेटर म्हणजे जमीनदार झालेत, यांना सदस्यांनी मत देऊन काढता आलं पाहिजे. मुद्दा खरा होता. पण तो आठवला कधी, तर मॉडरेटर कंपनीच्या विरोधात गेले तेव्हा, आणि कंपनीच्या प्रमुखांना मत देऊन काढायची सोय सदस्यांकडे नव्हतीच.

हे सगळं परदेशातलं, कॉम्प्युटरवाल्यांचं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यात या. बागलाणमधे मोसम, आरम नदीवर फड पद्धत आहे, शेकडो वर्षं जुनी. नदीला छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमधे वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना ठेवणारे, त्यांच्या मोबदल्याचं धान्य देणारे शेतकरीच. पाटकऱ्यानं कुणाला जास्त पाणी सोडलं तर तो दिवसाढवळ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सोडतो, आणि सुगी झाल्यावर त्याला त्याच लोकांसमोर उभं राहायचं असतं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर १९९० च्या दशकात ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले, आणि तिथेही गाडी कशावर चालली तर पाणी मोजून घ्यायचं, हिशोब सगळ्यांना दाखवायचा आणि टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला कारभारात जागा द्यायची यावर. पुढे २००५ मधे राज्यानं शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला त्यात हेड, मधला आणि टेल अशा तिन्ही भागांच्या प्रतिनिधित्वाची तरतूद आली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर अशाच गोष्टींचा अभ्यास केला, स्वित्झर्लंडची गावकुरणं, स्पेनचे आणि नेपाळचे पाट, जपानची गावजंगलं, आणि २००९ मधे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांना दिसलं असं, की जी सामाईक व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकते तिथे काही गोष्टी जवळजवळ नेहमी सापडतात. कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट असतं. ज्यांना नियम लागू त्यांना नियम बदलायचा हक्क असतो. राखण करणारा त्या लोकांनाच उत्तर देतो. शिक्षा लहानापासून सुरू होते, पहिल्याच चुकीला हाकलत नाहीत. आणि भांडण मिटवायला जवळची, स्वस्त जागा असते. ऑनलाइन ग्रुपसुद्धा असाच सामाईक आहे, तिथे पाण्याऐवजी लोकांचं लक्ष आणि विश्वास वाटला जातो, त्यामुळे या गोष्टी जशाच्या तशा लागू होतात असं मला वाटतं.

मग आपल्या ग्रुपमधे काय करायचं? पन्नासेक जणांचा मित्रांचा ग्रुप असेल तर काहीही करू नका, तिथे घटना बिटना लिहायला बसलात तर मैत्री जाईल. पण ग्रुपमधे अनोळखी माणसं यायला लागली, किंवा पैसा यायला लागला, किंवा ग्रुपबाहेर राहिल्यानं कुणाचं नुकसान व्हायला लागलं, की थोडी शिस्त लागते.

पैशापासून सुरू करा, कारण मनं तिथूनच फाटतात. ट्रेकची वर्गणी एकाच्या वैयक्तिक यूपीआयवर येते, बस, जेवण, गाइड, सगळं तोच देतो, आणि शेवटी "थोडे उरले, पुढच्या ट्रेकला वापरू". त्या माणसानं एक रुपया खाल्लेला नसतो, बऱ्याचदा पदरचे घातलेले असतात, तरी हिशोब न टाकल्यामुळे कुजबुज सुरू होते. ट्रेकनंतर दोन दिवसांत जमा किती, खर्च किती, उरले किती, असा एक मेसेज आणि बसच्या बिलाचा फोटो, एवढं पुरतं. पैसे घेणारा एक आणि हिशोब टाकणारा दुसरा असेल तर अजून चांगलं. गणेश मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते, सोसायटीला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभेत हिशोब ठेवावा लागतो, आणि ही मंडळीही फुकटच काम करतात, मग ग्रुपवाल्यांनी वाईट वाटून घेण्यासारखं यात काय आहे?

काढण्याची पद्धत ठरवा. आधी खासगीत समज, मग ग्रुपवर एकदा ताकीद, मग आठवडाभर बाहेर, मग कायमचं. काढलं की ग्रुपवर एका ओळीत सांगायचं, अमुक नियमामुळे काढलं, कुणी कुणी मिळून ठरवलं. सविस्तर प्रकरण चव्हाट्यावर आणायची गरज नाही, विशेषतः बाईमाणसाच्या तक्रारीत तर अजिबात नाही, तिथे तक्रार करणारीचं नाव बाहेर येता कामा नये. पण निर्णय झाला हे आणि कुणी घेतला हे लपवायचं नाही. आणि दाद मागायला अ‍ॅडमिन नसलेली एक-दोन वडीलधारी, सगळ्यांना मान्य असलेली माणसं आधीच ठरवून ठेवायची, रस्टवाल्यांच्या राखीव मॉडरेटरसारखी. एखादी निवृत्त शिक्षिका असेल, एखादे काका असतील जे कुणाच्याच गटात नाहीत. वर्षातून एखाद वेळीच काम पडेल त्यांना.

ज्याचं दुकान, क्लास, एजन्सी, उमेदवारी काही असेल त्यानं ते आधी सांगून टाकायचं. अ‍ॅडमिननं स्वतःच्या भावाच्या दुकानाचं औषध सुचवायला माझी काही हरकत नाही, फक्त "दुकान भावाचं आहे" हे त्याच मेसेजमधे लिहायचं, आणि त्या औषधावर कुणी वाईट बोललं तर बटणाला हात दुसऱ्या अ‍ॅडमिननं लावायचा.

आता दुसरी बाजू, कारण जाब विचारण्याच्या नावाखाली लोक अ‍ॅडमिनचा जीव खातात हेही मी बघितलंय. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बेड, ऑक्सिजनची माहिती देणारे ग्रुप चालवणारी पोरं-पोरी रात्ररात्र जागी होती, एखादा नंबर लागला नाही की लोक त्यांनाच शिव्या द्यायचे. त्या पोरांकडे हिशोब मागणं आणि रात्री दोनला त्यांना फोन करून ओरडणं यात फरक आहे. प्रश्न विचारायची ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असली की अ‍ॅडमिनचंही रक्षण होतं, बाकीच्या वेळी तो सरळ सांगू शकतो की रविवारी विचारा, तेव्हा उत्तर देतो. डेबियनमधे आधी कुणी कुणाला मत दिलं हे ठरावांच्या बाबतीत उघड असायचं, २०२१ च्या एका फार तापलेल्या मतदानानंतर लोकांना त्रास व्हायची भीती वाटायला लागली आणि २०२२ मधे त्यांनी मतदान गुप्त केलं. ज्याच्या हातात अधिकार त्याचं काम उघडं हवं, ज्याच्या हातात फक्त मत त्याला आडोसा हवा, हे मला बरोबर वाटतं.

मुदतही ठरवा. वर्षानं अ‍ॅडमिन बदलायचे, सगळे एकदम नाही, निम्मे या पाडव्याला आणि निम्मे दिवाळीला, म्हणजे जुना माणूस नव्याला शिकवू शकतो. मुदत असली की दमलेल्या माणसाला तोंड न लपवता बाहेर पडता येतं, आत्ता काय होतं की तो दमतो, चिडचिड करतो, पण "मी सोडलं तर ग्रुप बुडेल" या भीतीनं चिकटून राहतो, आणि शेवटी कुणाचातरी अपमान करून जातो.

आणि एक तांत्रिक गोष्ट, जी आजच्या आज करता येईल. ग्रुप बनवणारा माणूस आता ग्रुप सांभाळत नसेल तर त्याला मानानं विनंती करा की भाऊ, एकदा ग्रुपमधून बाहेर पड, लगेच पुन्हा घेतो. तो बाहेर पडला की कायमच्या मालकीचा नियम त्याला लागू राहत नाही आणि तो परत बाकीच्यांसारखा सदस्य म्हणून येतो. त्याआधी किमान तीन अ‍ॅडमिन करून ठेवा, तिघं एकाच घरातले किंवा एकाच ऑफिसमधले नकोत, आणि ग्रुपची जुनी लिंक रीसेट करून टाका, ती कुठे कुठे फिरत असते.